पगार

शनिवारी साडेचारला भोंगा होतो
आणि भट्टीचा कडू धूर
मांडवीच्या खाडीकडे सरकतो.
मी रजिस्टर उघडते.
एकसष्ट नावं, एकसष्ट पाकिटं,
अख्ख्या गराला एक दर, तुकड्याला निम्मा.
शाईची गादी सुकलेली, तिच्यावर थेंबभर पाणी.

दाराशी स्टुलावर इनास डिमेलो.
बावीस वर्षं बोटींवर भांडी घासली,
आता काजू कारखान्याच्या फाटकाची चावी सांभाळतो.
(चावीसुद्धा त्यांचीच, तो म्हणतो,
काजू त्यांचा, तुझ्या वेणीतली फीत त्यांची.
नेली ती मिरी. ठेवले ते शब्द.)

पण पगारावर त्याचा खास जीव.
लिस्बनच्या धक्क्यावर पहिल्यांदा
हात पुढे करून म्हणाला, पगार,
तर खजिनदार चष्म्यावरून बघत राहिला :
हा आमची भाषा कुठे शिकला?
कुठे म्हणजे? वेंगुर्ल्यात,
बापाची वाट बघत उंबऱ्यावर.
बार्सिलोनातही पगार. जिनोव्हात पगारे.
मार्सेयला ओठ थोडे मुडपून पेये,
लंडनात आखडून नुसतं पे.
खलाशाला प्रत्येक बंदरात कागद दाखवावा लागतो,
ह्या शब्दाला कुणी अडवत नाही.

तिकडे म्हणे ते क्रियापद आहे.
कुणीतरी ते करतो. त्याला नाव असतं, हात असतो.
आपल्याकडे येईस्तो त्याचं नाम झालं.
आपला पगार होतो.
किंवा होत नाही.
आभाळ भरून येतं, ताप उतरतो, तसा.
कर्ता वाटेत कुठल्या गलबतावरून पडला
कुणी विचारलं नाही.

वाचनालयातल्या कडा कुरतडलेल्या कोशात
मी आणखी खाली उतरले, लॅटिनपर्यंत.
तिथे मुळाशी पैसा नव्हताच.
होतं : शांत करणे.
चिडून दारात बसलेल्या घेणेकऱ्याला निववणे.
इनासला सांगितलं तर तो बराच वेळ गप्प.
मग म्हणाला, पाक्स.
लहानपणी वेदीपाशी मेणबत्ती धरून उभा असताना
पाद्री हात पसरून तेच द्यायचा सगळ्यांना.
फुकट.

हे मी बोलायला नको होतं.
पाकिटं वाटता वाटता बोलून गेले
आणि द्वारका मेस्त्री रांगेत थांबली,
राखेने पांढरे झालेले हात कमरेवर.
"म्हंजे आमका शांत करूक देतत?
आमी काय देवचार?"
रांग हसली. शेवटच्या बाईपर्यंत हसू पोचायला
थोडा वेळ लागला, ती बहिरी आहे.
"आरवलेच्या वेतोबाक केळ्यांचो घड,
नवी कोरी व्हाणां.
देवचाराक निदान नारळ तरी
अख्खो गावता गो."

मग तिने पाकीट माझ्यासमोरच फोडलं.
नोटा मोजल्या, परत मोजल्या.
ब्याऐंशी रुपये कमी.
मंगळवारचे तुकडे दोनदा कापलेले.
माझ्याच अक्षरात.

मी म्हटलं, सोमवारी बघू.
ती म्हणाली, बघ.
आवाज चढवला नाही तिने,
पण भट्टीवरचा माणूस काम सोडून दारात आला
आणि इनास स्टुलावरून उठला,
का उठला ते त्यालाही ठाऊक नसावं.

अंगठा दे, मी म्हटलं.
तिने गादीवर दाबला, रजिस्टरवर उमटवला.
एक निळा, गुळगुळीत गोल.
एकही रेषा नाही.
सतरा वर्षांच्या चिकाने सगळ्या खाऊन टाकलेल्या.
तो कुणाचाही असू शकला असता,
शेजारच्या रकान्यातला, वरच्या ओळीतला,
माझासुद्धा.

त्या गोलापुढे छापलेलं असतं :
रक्कम पूर्ण मिळाली, तक्रार नाही.
मी पेन उचललं.
"तक्रार"च्या पुढचं "नाही" खोडलं,
आणि पुढचं नाव पुकारलं.